गव्हाविना नाताळ

डिसेंबरच्या मध्यावर जयपूर शहरात थंडी स्थिरावते आणि त्याच सुमारास तेथे खाण्यापिण्याचा मोसमही भरात येतो. हलवायांच्या दुकानांतून फीणीचे ढीग दिसू लागतात, तिळाची गजक येते, लग्नघरांत मुगाच्या डाळीचा हलवा घाटला जातो. २५ डिसेंबरला नाताळ असतो आणि त्यानंतर तीनच आठवड्यांनी, पतंगांनी आकाश भरून टाकणारी संक्रांत. जयपूरचा ख्रिस्ती समाज संख्येने लहान असला तरी शाळा आणि रुग्णालये यांच्यामुळे शहराच्या चांगला परिचयाचा आहे. रोमन कॅथलिक पंथाचा जयपूर हा स्वतंत्र धर्मप्रांत २००५ मध्ये झाला. तत्पूर्वी तो अजमेरशी जोडलेला होता. या समाजात केरळ, गोवा अशा दूरच्या प्रदेशांतून आलेली कुटुंबेही आहेत. नाताळचा केक मात्र आता एका समाजापुरता उरलेला नाही; त्या आठवड्यात बेकरीसमोर उभे राहणाऱ्यांत सर्व धर्मांचे लोक असतात.

या मोसमाच्या मुळाशी एक धान्य आहे, ते म्हणजे गहू. केक मैद्याचा, फीणी मैद्याची, कचोरीची पारी मैद्याची. बाटी आणि चूरमा जाडसर दळलेल्या कणकेचा. श्रावणातील घेवरही मैद्याचाच. ज्या घरातील एखाद्या मुलाला वैद्यांनी गहू जन्मभरासाठी वर्ज्य करण्यास सांगितले आहे, त्या घराला सणाचे ताट हा आनंदाबरोबरच काळजीचाही विषय होतो. अशी घरे उत्तर भारतात समजली जातात तेवढी थोडी नाहीत.

या विकाराला सीलिअॅक रोग असे नाव आहे. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लूटेन नावाचा प्रथिनांचा समूह असतो. काही व्यक्तींच्या शरीराची प्रतिरक्षा यंत्रणा त्याला शत्रू समजते आणि त्याच्याशी झुंजताना स्वतःच्याच लहान आतड्यावर आघात करते. आतड्याच्या आतील अस्तरावर मखमलीच्या लवीसारखे असंख्य सूक्ष्म रसांकुर असतात आणि पचलेले अन्न त्यांच्यावाटे रक्तात शोषले जाते. या रोगात ते झिजून सपाट होतात. मग पोटभर जेवूनही शरीर उपाशी राहते. मूल वाढत नाही, पोट फुगते, जुलाब होतात. कित्येकदा यांपैकी काहीच दिसत नाही. केवळ लोहाच्या गोळ्यांना दाद न देणारा पंडुरोग किंवा ठिसूळ झालेली हाडे एवढीच खूण असते. ही गव्हाची नावड नव्हे किंवा साधे अपचनही नव्हे.

लंडनच्या सॅम्युएल गी यांनी १८८८ मध्ये या रोगाचे नेमके वर्णन केले आणि रोगी बरा व्हायचा तर तो आहारानेच होईल, असे अनुमानही मांडले. पण कोणत्या आहाराने, हे त्यांना सांगता आले नाही. ते उत्तर नेदरलँड्सचे बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी शोधले. गव्हाविषयीचा संशय त्यांना आधीपासून होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, महायुद्धामुळे त्या देशात भीषण अन्नटंचाई झाली आणि पाव मिळेनासा झाला. इतर मुले खंगत असताना या रोगाच्या मुलांची प्रकृती सुधारली. पाव पुन्हा मिळू लागताच ती पुन्हा खालावली. १९५० मध्ये डिके यांनी आपला प्रबंध युट्रेख्टला सादर केला. गहू वर्ज्य करणे हाच आजही या रोगावरील एकमेव सिद्ध उपाय आहे.

हा युरोपीय लोकांचा रोग आहे, असा समज भारतात दीर्घकाळ होता. उत्तर भारतातील मुलांत तो आढळल्याचे वृत्त १९६६ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले, तरी समज टिकून राहिला. दिल्लीच्या परिसरात झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे ९६ व्यक्तींमागे एकीला हा रोग असल्याचे दिसले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेली पाहणी आणखी बोलकी आहे. रक्तात या रोगाची प्रतिपिंडे आढळण्याचे प्रमाण उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येस ०.८७ टक्के, तर दक्षिणेत अवघे ०.१० टक्के भरले. रोगाला अनुकूल असणारी आनुवंशिक घडण मात्र तिन्ही प्रदेशांत जवळपास सारखीच होती. दक्षिणेतील माणूस दिवसाकाठी सरासरी २५ ग्रॅम गहू खात होता आणि उत्तरेतील ४५५ ग्रॅम. ईशान्येत मात्र गहू कमी खाऊनही रोग बराच आढळला, म्हणजे सारा हिशेब एकट्या गव्हाने मिटत नाही. तरीही उत्तर आणि दक्षिण यांच्यातील तफावत ज्वारी-तांदळाकडून चपातीकडे वळलेल्या महाराष्ट्रातील वाचकांनीही ध्यानात घ्यावी अशी आहे.

येथे एक सूचना आवश्यक आहे. नुसत्या संशयावरून घरच्या घरी गहू बंद करू नये. रक्तातील विशिष्ट प्रतिपिंडांची चाचणी आणि आतड्याच्या ऊतकाची तपासणी यांवरून निदान होते, आणि गहू आधीच सोडला असेल तर या चाचण्या फसव्या ठरतात. प्रथम तपासणी, मग पथ्य, हाच क्रम योग्य होय.

पथ्याची खरी कसोटी सणाच्या दिवशी लागते. एरवी काटेकोर असणारी घरेही त्या दिवशी सैल होतात. ‘सणाचा दिवस आहे, एवढ्याशा तुकड्याने काय होते?’ हे वाक्य आजी म्हणते, शेजारीण म्हणते, आणि प्रेमाने म्हणते. म्हणूनच त्याला उत्तर देणे कठीण जाते. हिशेब असा आहे. पावाच्या एका चकतीत दोन ग्रॅमच्या आसपास ग्लूटेन असते. दररोज ५० मिलिग्रॅम, म्हणजे त्या चकतीचा सुमारे चाळिसावा हिस्सा, काही महिने पोटात जात राहिला तरी आतड्याच्या अस्तराला इजा होऊ शकते, असे प्रयोगान्ती दिसून आले आहे. जयपूरचा मोसम नाताळापासून संक्रांतीपर्यंत चालतो आणि एवढासा तुकडा रोज कोणी ना कोणी पुढे करतोच. शिवाय इजा झाली की लगेच पोट दुखेल, असेही नाही. त्यामुळे देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला काहीच झाले नाही असे वाटते.

मुलाला सणापासून दूर ठेवणे हा मात्र यावरचा उपाय नव्हे. आणि गंमत अशी की, गव्हाला पर्याय शोधण्यासाठी जयपूरच्या माणसाला फार दूर जावे लागत नाही. भारतात सर्वाधिक बाजरी राजस्थानात पिकते. गहू सर्वत्र स्वस्त होण्यापूर्वी राज्याच्या कोरड्या भागात बाजरी हेच रोजचे अन्न होते. गहू पाहुण्यांसाठी आणि सणासाठी राखलेला असे. गव्हाला लाभलेली सणाची प्रतिष्ठा बहुधा तेव्हापासूनची आहे. बाजरीलाही तिचा मान नव्हता असे नाही: जयपूरच्या अन्नकुटात कढी-भाताबरोबर बाजरी आणि मूग असतात, आणि बाजरीच्या भाकरीचा तूप-गूळ घालून केलेला चूरमा थंडीत आवडीने खाल्ला जातो. बाटीही मक्याच्या पिठाची होऊ शकते. उपवासाच्या दिवसांसाठी बाजारात येणारी शिंगाडा, राजगिरा, कुट्टू यांची पिठे आणि वरीचे तांदूळ हे सारे मुळातच ग्लूटेनरहित आहेत. उपवासाच्या मांडणीला हात घातला तर निम्मी अडचण दूर होते.

राहिला केक. पाव आणि केक यांत एक मूलभूत भेद आहे. पीठ भिजवून मळले की ग्लूटेनचे तंतू परस्परांत गुंतून त्यांची लवचिक जाळी तयार होते. यीस्टने निर्माण केलेला वायू त्या जाळीत अडकतो आणि पाव फुगतो. गव्हाविना चांगला पाव करणे म्हणूनच अवघड जाते. केक करणारा मात्र ही जाळी फार बळकट होऊ नये यासाठी झटत असतो. मैदा घातल्यावर मिश्रण जास्त फेटू नये असे सांगतात ते यासाठीच. केकला आधार असतो तो मुख्यतः अंड्यांचा. त्यातही नाताळचा केक सुकामेव्याने इतका भरलेला असतो की पिठाचे काम केवळ सांधण्याचे उरते. सणाच्या सर्व पक्वान्नांत गव्हाचा हट्ट सर्वांत कमी धरणारे पक्वान्न हेच असावे.

मैद्याच्या जागी तांदळाची पिठी आणि बदामाची पूड घेतली तर केक उत्तम होतो. अदमासे प्रमाण असे: लोणी आणि साखर प्रत्येकी २०० ग्रॅम, चार अंडी, तांदळाची पिठी १५० ग्रॅम, बदामाची पूड १०० ग्रॅम, आणि रममध्ये किंवा संत्र्याच्या रसात आदल्या दिवशी भिजवलेले मनुका, खजूर, संत्र्याची साल वगैरे ४०० ग्रॅम. मंद आचेच्या भट्टीत, १५० ते १६० अंशांवर, त्याला दीड-दोन तास लागतात. बाजरीचे पीठही थोडे मिसळता येते. पण ते ताजे दळलेले हवे, कारण बाजरीतील स्निग्धांश लवकर खवट होतो आणि शिळ्या पिठाने केक कडवट होतो.

असा केक कापताना भुसभुशीत होऊन तुटतो, ही त्याची एकच उणीव. तिच्यावरचा उपाय राजस्थानच्याच शेतात उगवतो. चमचाभर इसबगोल मिश्रणात घातला की तो पाणी शोषून बुळबुळीत होतो आणि पिठाचे कण धरून ठेवतो. इसबगोल राजस्थान आणि गुजरातेत पिकतो आणि तेथून जगभर जातो. गवारीच्या बियांपासून काढलेल्या गोंदाचाही असाच उपयोग होतो, आणि गवारीच्या उत्पादनात राजस्थान अग्रेसर आहे. परदेशांतील ग्लूटेनरहित पाव या दोन पदार्थांच्या आधारावर उभा राहतो. राजस्थानात मात्र पोट साफ होण्याचे औषध म्हणून जो डबा घरोघरी असतो, त्याचा हा गुण सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

केकखेरीज इतर फराळाचा विचार केला तर गोव्याच्या आणि केरळच्या कुटुंबांचे काम अधिक सोपे आहे. गोव्याच्या नाताळात नेवऱ्या, कुलकुल आणि बिबिंक यांत मैदा असतो, बोलिन्यांत रवा असतो. परंतु दोदोल तांदळाचे पीठ, नारळाचे दूध आणि काळा गूळ यांचा, दोस हरभऱ्याची डाळ आणि खोबरे यांचा, आणि पेराद निव्वळ पेरू व साखर यांचा. केरळचे अप्पम तांदळाचेच. जयपूरच्या मिठायांतून बेसनाची चक्की, मावा बर्फी, गजक आणि गाजराचा हलवा त्या ताटात सहज येऊन बसतात.

धोका असतो तो अनपेक्षित जागी. बाजारातील डबीतला हिंग सहसा शुद्ध नसतो. त्यात डिंक आणि अनेकदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, आणि तोच हिंग बेसनाच्या गट्ट्यांच्या भाजीत पडतो. बेजडची रोटी बाजरीच्या भाकरीसारखी दिसते, पण त्या पिठात जव किंवा गहू असतो. मिस्सी रोटीत बेसनाबरोबर कणीक असते. मुगाच्या हलव्यात डाळ कढईला चिकटू नये म्हणून काही आचारी थोडा रवा टाकतात. गव्हानंतर त्याच गिरणीवर दळलेली बाजरी आणि कचोरी तळलेल्या तुपात तळलेला बेसनाचा पदार्थ ही दोन्ही वर्ज्यच समजावीत. विकतच्या डब्यावर ‘ग्लूटेनरहित’ असे छापण्यासाठी एक किलो पदार्थात ग्लूटेन २० मिलिग्रॅमहून अधिक असता कामा नये, अशी मर्यादा भारतात आणि आंतरराष्ट्रीय नियमांतही आहे. सुटी मिठाई मात्र या नियमाच्या संरक्षणाबाहेर राहते. घरी दोन्ही प्रकारचे केक व्हायचे असतील तर गव्हाविनाचा आधी भाजून, झाकून ठेवावा आणि त्याची सुरी वेगळी असावी. मैद्याची धूळ हवेत बराच वेळ तरंगते.

श्रद्धाळू कॅथलिक कुटुंबाला आणखी एक प्रश्न पडतो, आणि तो स्वयंपाकघरात सुटणारा नाही. नाताळच्या मध्यरात्रीच्या प्रार्थनेत प्रसादरूपाने दिली जाणारी पातळ चकती गव्हाचीच असावी, असा चर्चचा नियम आहे. ग्लूटेनचा पूर्ण अभाव असलेली चकती चालत नाही, हे रोमने २०१७ मधील पत्रकात पुन्हा स्पष्ट केले. मात्र अत्यल्प ग्लूटेनची चकती मान्य आहे. तीही ज्यांना सोसत नाही, त्यांना केवळ द्राक्षरस घेण्याची मुभा मिळू शकते. त्यासाठी धर्मगुरूंना आधी सांगून ठेवावे लागते, कारण विधीच्या वेळी चकतीचा एक लहान तुकडा मुख्य पेल्यात सोडला जातो. गहू वर्ज्य असलेल्या व्यक्तीसाठी म्हणून वेगळा पेला ठेवावा लागतो.