सर्वात जहाल तेच सर्वात गुणकारी काय?
फुप्फुसाचा कर्करोग आणि मूलपेशींचा आधार

महिना उलटला तरी खोकला थांबत नाही, थुंकीत रक्त दिसते, अंगावरचे कपडे सैल होऊ लागतात. आपल्याकडे पहिला संशय क्षयाचा येतो. कधी कधी क्षयाची औषधे सुरूही होतात. पुढे तपासणीचा कागद हाती पडतो आणि त्यावर फुप्फुसाचा कर्करोग असे लिहिलेले असते. मग घरात एकच बोलणे चालते : जे सर्वात जहाल, जे सर्वात महाग, तेच औषध आपल्या माणसाला द्यायचे. शेत गेले तरी चालेल, डाग गेला तरी चालेल.

या मायेला कोण नावे ठेवील? परंतु जहाल औषध म्हणजे गुणकारी औषध काय, हा प्रश्न वैद्यकशास्त्राने स्वतःलाच विचारला आणि वीस वर्षे खपून त्याचे उत्तर शोधले. ते प्रत्येक कुटुंबाने समजून घ्यावे असे आहे.

फुप्फुसाच्या कर्करोगाचा ‘स्मॉल सेल’ नावाचा एक प्रकार आहे. तो बहुतांशी विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना होतो व झपाट्याने पसरतो. केमोथेरपी दिली की सुरुवातीला गाठ भराभर विरते. घरच्यांना वाटते, सुटलो! पण बहुतेक रुग्णांत काही महिन्यांतच रोग उलटतो. तेव्हा डॉक्टरांच्या मनात आले, की औषध दुपटी-तिपटीने दिले तर उरलेल्या पेशीही मरतील.

यात अडचण होती ती हाडांच्या पोकळीतील मज्जेची. आपले रक्त तिथे तयार होते. जहाल औषध कर्करोगाच्या पेशींबरोबर या मज्जेलाही जाळते. पांढऱ्या पेशी संपल्या की साधा जंतुसंसर्गही जीव घेतो. त्यावर उपाय निघाला. रक्त तयार करणाऱ्या मूलपेशी, म्हणजेच स्टेम सेल, रुग्णाच्या शरीरातून आधीच काढून सांभाळून ठेवायच्या, जहाल औषध द्यायचे आणि मग त्या पेशी शिरेतून परत सोडायच्या. त्या आपण होऊन मज्जेत जाऊन बसतात व साधारण दोन आठवड्यांत रक्त पुन्हा तयार होऊ लागते.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. या मूलपेशी कर्करोग बरा करीत नाहीत, फुप्फुसही नवे करीत नाहीत. पेरणीपूर्वी बाजूला काढून ठेवलेल्या बियाण्यासारखे त्यांचे काम आहे. पीक जळाले तर पुन्हा पेरता यावे, एवढेच.

मग या उपचाराने माणसे जास्त जगली काय? १९८७ साली बेल्जियममधील डॉक्टरांनी ४५ रुग्णांची तुलना प्रसिद्ध केली. जहाल औषध घेतलेल्यांत रोग उशिरा उलटला, पण आयुष्य वाढल्याचे सिद्ध झाले नाही. काही रुग्ण तर उपचारानेच दगावले. २००५ साली ३१८ रुग्णांच्या अभ्यासाचा निकाल आला. एका गटाला नेहमीप्रमाणे चार आठवड्यांनी, तर दुसऱ्याला रक्तपेशींचा आधार देऊन दोनच आठवड्यांनी औषध दिले होते. मध्यम आयुर्मान पहिल्या गटात १३.९ महिने आणि दुसऱ्यात १४.४ महिने भरले. हा फरक नगण्यच. २००८ साली युरोपातील १४० रुग्णांच्या अभ्यासात औषधाची तीव्रता जवळजवळ तिप्पट होती. तरी तीन वर्षांनंतर जहाल औषधाच्या गटात १८ टक्के आणि साध्या उपचाराच्या गटात १९ टक्के रुग्ण हयात होते.

असे का व्हावे? ज्या कर्कपेशी औषधाला दाद देत नाहीत, त्या तिप्पट मात्रेलाही पुरून उरतात. म्हणून आज फुप्फुसाच्या कर्करोगावर हा नेहमीचा उपचार राहिलेला नाही. केमोथेरपी, रोग छातीपुरता असेल तर सोबत किरणोपचार, आणि अलीकडे प्रतिकारशक्तीला बळ देणारी नवी औषधे, असा आजचा क्रम आहे. ही नवी औषधे महाग आहेत आणि त्यांचा लाभ सर्वांना सारखा होत नाही, हेही डॉक्टरांकडून समजून घ्यावे.

याचा अर्थ मूलपेशींची पद्धतच खोटी, असा नव्हे. रक्ताच्या काही कर्करोगांत तिने अनेकांना जीवदान दिले आहे. मुंबईच्या टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ साली भारतातील पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले, तेही रक्ताच्या कर्करोगासाठीच. एका रोगावरचे औषध दुसऱ्या रोगावर चालेलच असे नाही, हाच यातला धडा.

म्हणून बंधू-भगिनींनो, फुप्फुसाच्या कर्करोगावर ‘स्टेम सेल’ची हमी देणारा कोणी भेटला, तर जमिनीचा कागद काढण्यापूर्वी चार प्रश्न विचारा. कर्करोग नेमका कोणत्या प्रकारचा आहे? या उपचाराने किती काळ जास्त मिळतो, आणि हे तुलना करून पाहिले आहे काय? उपचाराचा धोका किती? साधा उपचार घेतला तर काय होईल? सरकारी किंवा मोठ्या कर्करोग रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या. तेथील समाजसेवा अधीक्षकांना भेटा. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील अनेक उपचार बसतात. वेदना आणि धाप कमी करणारे उपचार पहिल्या दिवसापासून मागून घ्या. तो रुग्णाचा हक्क आहे.

प्रश्न विचारणे म्हणजे डॉक्टरांचा अपमान नव्हे. त्या अभ्यासांत भाग घेतलेल्या शेकडो रुग्णांमुळेच आज आपल्याला ही उत्तरे मिळाली आहेत. त्यांचा उपयोग करून घेणे आपल्या हाती आहे, आणि घरातली विडी आजच विझविणेही आपल्याच हाती आहे.