घरचे हात अपुरे पडू लागतात तेव्हा

दोन-तीन महिन्यांनी आपण आईवडिलांकडे जाता. चहा होतो, विचारपूस होते, “आमचे सगळे व्यवस्थित चालले आहे” हे नेहमीचे उत्तर मिळते. मग पाणी घेण्यासाठी आपण फ्रीज उघडता, तर आत दुधाच्या तीन फोडलेल्या पिशव्या असतात. रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी जशीच्या तशी पडलेली असते. दुधाचे पातेले तळाशी जळून काळे झालेले दिसते. ज्या वडिलांनी आयुष्यभर प्रत्येक पावती फायलीत लावून ठेवली, त्यांचे विजेचे बिल दोन महिने थकलेले असते आणि त्यांना त्याची आठवणही नसते.

अशा वेळी एक मन म्हणते, “वय झाले, चालायचेच.” दुसरे म्हणते, “आता यांना असे ठेवणे धोक्याचे आहे.” यांतले खरे कोणते, हे केवळ मायेच्या भरात किंवा भीतीपोटी ठरवू नये. त्यासाठी काही साध्या मोजपट्ट्या उपलब्ध आहेत.

सहा कामांची मोजपट्टी

अमेरिकी वैद्य सिडनी कॅट्झ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९६३ मध्ये वृद्धांचे स्वावलंबन मोजण्याची एक पद्धत मांडली. तीत सहा कामे आहेत : स्नान, कपडे घालणे, शौचालयाचा वापर, अंथरुणातून वा खुर्चीतून उठणे-बसणे, मलमूत्रावरील नियंत्रण आणि जेवणे. ही क्षमता सामान्यतः याच क्रमाने कमी होत जाते. स्नान सर्वांत आधी अवघड होते. हाताने जेवण्याची क्षमता सर्वांत शेवटपर्यंत टिकते.

म्हणून लक्ष न्हाणीघराकडे ठेवा. बादलीतून तांब्या उचलणे, ओल्या फरशीवर तोल सांभाळणे, पाठीपर्यंत हात पोहोचवणे या साऱ्याला शक्ती आणि समतोल लागतो. रोज पहाटे अंघोळ करणारी आई “आज थंडी आहे” म्हणून चार-चार दिवस टाळू लागली, तर तो आळस समजू नका. तिला पडण्याची भीती वाटत असेल. नऊवारी वा पाचवारी सोडून ती दिवसभर गाऊनवर राहू लागली, तर निऱ्या घालणे बोटांना जमते आहे का, हे हळूच पाहावे.

याहूनही आधीचे संकेत १९६९ मध्ये लॉटन आणि ब्रोडी यांनी मांडलेल्या यादीत सापडतात. फोन करणे, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणे, प्रवास, औषधे वेळेवर घेणे आणि पैशाचे व्यवहार, ही ती आठ कामे. यांपैकी एखाद-दुसरे अडू लागले, तर स्वयंपाकाची बाई, औषधांचा कप्प्यांचा डबा किंवा बिलांची ऑनलाइन सोय एवढ्यावर भागते. परंतु पहिल्या सहांपैकी दोन-तीन कामांत रोज दुसऱ्याचा हात लागत असेल, तर प्रशिक्षित मदतीचा विचार पुढे ढकलू नये.

एकाएकी की हळूहळू?

हा भेद अत्यंत महत्त्वाचा आहे. काल नीट बोलणारी व्यक्ती आज असंबद्ध बोलू लागली, माणसे ओळखेनाशी झाली किंवा गुंगीत राहू लागली, तर तो वार्धक्याचा भाग मानू नका. मूत्रमार्गाचा वा फुफ्फुसाचा संसर्ग, रक्तातील सोडियम वा साखर कमी होणे, नव्या औषधाचा परिणाम अशी कारणे त्यामागे असू शकतात. तेथे मावशी शोधण्याआधी तातडीने डॉक्टर गाठावा लागतो. तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे, जीभ जड होणे ही पक्षाघाताची चिन्हे दिसली, तर एक क्षणही दवडू नये.

हळूहळू येणाऱ्या बदलांची मात्र नोंद ठेवावी. सहा ते बारा महिन्यांत कारणाशिवाय ५ टक्क्यांहून अधिक वजन घटले (म्हणजे ६० किलोंचे ५७ किलोंपेक्षा खाली आले), वर्षात दोनदा पडणे झाले, संध्याकाळ होताच स्वतःच्याच घरात “मला घरी जायचे आहे” असा घोष सुरू झाला, गॅस उघडा राहिला, नेहमीच्या रस्त्यावर वाट चुकली, तर डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी आणि व्यक्तीला एकटे ठेवू नये.

सेवा करणाऱ्याकडेही पाहा

आपल्याकडे निर्णय लांबतो तो बहुधा एका वाक्यापायी : “घरात माणसे असताना बाहेरची बाई कशाला?” ही ‘घरातली माणसे’ म्हणजे पुष्कळदा एकटी सून, एकटी मुलगी किंवा पंचाहत्तरीतली पत्नी असते. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस साधारणपणे दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला व माकडहाडाला शय्याव्रण होतात. हे काम रात्रीही चुकत नाही. ते महिनोन् महिने एकाच व्यक्तीने करणे माणसाच्या शक्तीबाहेरचे आहे.

आपण स्वतः शुश्रूषा करीत असाल, तर मनाशी प्रामाणिकपणे विचारा : सलग पाच तास झोप मिळून किती दिवस झाले? स्वतःची औषधे, तपासण्या चुकतात का? उचलता-बसवताना कंबर धरते का? आणि सर्वांत अवघड प्रश्न : ज्यांच्यावर आपली माया आहे, त्यांच्यावर आपण ओरडू लागलो आहोत का? याचे उत्तर ‘होय’ असेल, तर आपण वाईट आहात असे नाही. आपण थकला आहात. मदत घेण्याची वेळ आली, एवढाच त्याचा अर्थ.

कोणती मदत, कोणासाठी?

अंघोळ, जेवण भरवणे, चालवणे, डायपर बदलणे यांसाठी प्रशिक्षित मदतनीस, म्हणजे आपल्या बोलण्यातली ‘ब्युरोची मावशी’ किंवा ‘मामा’ पुरेसे असतात. नाकातील नळीवाटे आहार, लघवीच्या नळीची देखभाल, जखमेचे ड्रेसिंग, शिरेतून इंजेक्शन, घशातील नळीची सफाई यांसाठी मात्र नोंदणीकृत परिचारिकाच हवी. पैसे वाचवण्यासाठी ही कामे मावशींवर सोपवणे रुग्णावर आणि त्यांच्यावरही अन्यायाचे होते. उभे राहणे, चालणे सुधारण्याजोगे असेल, तर आठवड्यातून काही वेळा घरी येणारा फिजिओथेरपिस्ट पुष्कळ काही परत मिळवून देऊ शकतो.

नेमणूक करताना ओळखपत्र पाहावे, पोलीस पडताळणी करावी, परिचारिकेची परिचर्या परिषदेकडील नोंदणी तपासावी, कामे व सुट्ट्या लेखी ठरवाव्यात. दागिने व बँकेची कागदपत्रे बंद कपाटात ठेवावीत, म्हणजे संशयाला जागाच उरत नाही. औषधे, जेवण, लघवी-शौच यांची वही ठेवावी. आणखी एक गोष्ट : चोवीस तासांची मावशी म्हणजे चोवीस तास जागी असणारी मावशी नव्हे. रात्री वारंवार उठावे लागत असेल, तर बारा-बारा तासांच्या दोन पाळ्याच ठेवाव्या लागतात. त्यांचे जेवण आणि निजण्याची जागा हाही आपल्या जबाबदारीचा भाग आहे.

त्यांना विचारून

हे सारे ज्यांच्यासाठी, त्यांचे मत सर्वांत आधी घ्यावे. परक्या हातांनी अंघोळ घालून घेणे ही लहान गोष्ट नाही. “तुम्हांला जमत नाही, म्हणून बाई ठेवतो” असे म्हणण्याऐवजी “आई, मला ऑफिसात तुझी काळजी लागून राहते, महिनाभर सकाळचे दोन तास कोणी आले तर चालेल का?” असे विचारून पाहा. वेळ, कामे, स्त्री हवी की पुरुष, हे त्यांना ठरवू द्या. जे त्यांना अजून जमते, ते त्यांच्या हातून काढून घेऊ नका. अंघोळीला मदत लागणारी आई भाजी निवडू शकते, हिशेब सांगू शकते.

आणि वाचकहो, आपण स्वतःच ज्येष्ठ असाल, तर मुलांनी विषय काढण्याची वाट पाहू नका. केव्हा, कशी आणि किती मदत आपल्याला चालेल, हे आजच सांगून ठेवा. शक्य तर लिहून ठेवा. मुले परगावी असतील, तर ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ हा निःशुल्क क्रमांक फोनजवळ चिकटवून ठेवावा.

मदतनीस आली, तरी मुलगा, मुलगी, सून यांचे काम संपत नाही, ते बदलते. कूस बदलण्यात, चादरी धुण्यात जाणारा वेळ आता शेजारी बसण्यासाठी मिळतो. कित्येक घरांत जागरणाने चिडलेली मुलगी महिन्याभराने पुन्हा आईच्या केसांना तेल लावत, जुन्या गोष्टी ऐकत बसलेली दिसते. आईलाही तिच्याकडून बहुधा हेच हवे असते.