काचबिंदूचं ऑपरेशन झालंय? मग लाल डोळा अंगावर काढू नका

डोळा लाल झाला की आपण म्हणतो, "डोळे आलेत, चार दिवसांत जातील." पण त्या डोळ्याचं पूर्वी काचबिंदूचं ऑपरेशन झालेलं असेल, तर असं थांबणं महागात पडतं. आज त्याविषयीच बोलू.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनची जखम भरून बंद होते. काचबिंदूचं तसं नाही. डोळ्यातल्या पाण्याचा दाब वाढून डोळ्यामागची नस खराब होत जाते. म्हणून डॉक्टर वरच्या पापणीखाली बारीक वाट करतात आणि ती मुद्दाम उघडी ठेवतात. पाणी तिथल्या पातळ पडद्याखाली जमतं, छोटा फुगवटा होतो. पुढं काही जणींचा हा पडदा विरळ होतो, झिरपतो, आणि जंतूंना आत शिरायला वाट मिळते. काही महिन्यांनी, कधी कित्येक वर्षांनीसुद्धा! सगळ्यांना होत नाही. पण झालं तर एक-दोन दिवसांत नजर जाऊ शकते.

समजा, लोणी भापकरच्या एका आजींचं ऑपरेशन 5 वर्षांपूर्वी झालंय. बाजरीच्या मळणीनंतर डोळा लाल झाला. घरचे म्हणतील, कुसळ गेलं असेल. पण चिपडं, ठणका, उजेड सहन न होणं, धूसर दिसणं, यातलं काहीही असलं तरी त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. बारामतीचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, पुण्याला ससून आहे. गेल्या गेल्या सांगा, "काचबिंदूचं ऑपरेशन झालंय." जुना कागद सोबत घ्या.

जंतू फुगवट्यापुरते असतील तर जंतुनाशक थेंब घालतात, सुरुवातीला अगदी तासातासाला, रात्रीही. डॉक्टर रोज डोळा तपासतात. जंतू आत पोचले असतील तर डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागतं, कधी आतला खराब झालेला भाग ऑपरेशन करून काढावा लागतो. म्हणून लवकर गेलेलं बरं.

मध, दूध, काजळ काही घालू नका. मेडिकलमधून मनानं थेंब आणू नका, घरातली जुनी बाटलीही नको. डोळा चोळू नका. औषध घालण्याआधी हात साबणानं धुवा, बाटलीचं टोक डोळ्याला लागू देऊ नका. विहिरीत, कॅनॉलमध्ये डुबकी मारण्याआधी डॉक्टरांना विचारा. डोळा चांगला वाटला तरी तपासणी चुकवू नका.

काचबिंदूनं गेलेली नजर परत येत नाही. उरलेली जपणं आपल्या हातात आहे. येत्या बचत गटाच्या बैठकीत एवढंच विचारा: आपल्यापैकी कुणाच्या घरी काचबिंदूचं ऑपरेशन झालंय? त्या घरी ही गोष्ट नक्की सांगा.