तंबूची काठी सांध्यात मोडते

रोहिणी नक्षत्र लागलं की आमच्या अकोले तालुक्यात काजव्यांचे दिवस येतात. भंडारदरा, घाटघर, पुरुषवाडी या बाजूला पाहुण्यांची रीघ लागते आणि आमचा बचत गट त्यांना राहायला तंबू देतो.

मागच्या हंगामात एका रात्री वळवाचा वारा सुटला आणि आमचा एक तंबू झोपलेल्या माय-लेकरांवर बसला. काठीचं मोडकं टोक कापड फाडून लेकराच्या उशीपाशी आलं होतं. कुणाला लागलं नाही, हे नशीब. पैसे परत केले, पण गटाची मान खाली गेली. आम्ही वाऱ्याला बोल लावत होतो. सकाळी काठी हातात घेतली, तर सांध्याच्या नळीत वाळलेला चिखल! चूक आमचीच होती.

ती कशी, ते सांगतो. तंबूची काठी फायबरच्या तुकड्यांची असते. एका तुकड्याच्या टोकाला धातूची नळी असते, तिच्यात दुसरा तुकडा बसतो. आतून इलॅस्टिकची दोरी सगळ्यांना धरून ठेवते. तुकडा तळापर्यंत बसला तर वाकल्यावरचा ताण सगळ्या सांध्यावर पसरतो. चिखलामुळे तो अर्धाच बसला, की सगळा ताण टोकावर येतो आणि फायबर उभं चिरतं. म्हणून पाहुणे यायच्या आधी निदान आठ दिवस सगळ्या काठ्या अंगणात पसरा.

पहिलं काम सफाईचं. काडीला ओलं फडकं गुंडाळून प्रत्येक नळी आतून पुसा आणि उन्हात वाळवा. तेल लावू नका, त्याला माती चिकटते. सांधा अडकला असेल तर नळीवर गरम पाणी ओता. धातू फुगून पकड सैल होते. मग पिळत पिळत सोडवा, हिसका देऊ नका.

दुसरं, इलॅस्टिक. ते सैल पडलं की तुकडे आपोआप बसत नाहीत. टोकाची टोपी काढून गाठ सोडा. तुकड्यांवर आधी आकडे घाला, नाहीतर क्रम चुकतो. नवं इलॅस्टिक बारीक तारेला बांधून आतून ओवा. एका टोकाला गाठ मारा, दुसरीकडून ताणून तात्पुरती गाठ घाला. आता काठी जोडून पाहा आणि घडी करून पाहा. सांधे घट्ट मिटले आणि घडीही सहज झाली, तर ताण बरोबर. मगच पक्की गाठ मारा.

तिसरं, चिरलेला तुकडा. चिकटपट्टी गुंडाळून तो चालवू नका, बदला. रद्द झालेल्या तंबूच्या काठ्या भंगारात घालू नका, त्यातूनच जोडीचा तुकडा मिळतो. जाडी आणि लांबी दोन्ही जुळली पाहिजे. लांब तुकडा कापायचा असेल तर कापायच्या जागी चिकटपट्टी गुंडाळा, फायबर ओलं करा आणि लोखंड कापायच्या करवतीनं कापा. तोंडाला फडकं आणि हातात मोजे हवेतच. फायबरची कुसळं कातडीत शिरली की निवडुंगासारखी सलतात. चिरलेल्या काठीवरून उघडा हात कधी फिरवू नका.

रात्री पाहुणे असतानाच काठी मोडली तर? काठीवर जेमतेम बसेल अशी वीतभर धातूची नळी पिशवीत ठेवा. मोडलेली जागा बरोबर तिच्या मधोमध येऊ द्या आणि दोन्ही टोकं चिकटपट्टीनं बांधा. तेवढी रात्र निभते. सकाळी तुकडा बदला.

शेवटी पाहुण्यांनाही तीन गोष्टी सांगा. काठी झटकून जोडायची नाही, एकेक सांधा हातानं बसवायचा. कापडातून काठी ओढायची नाही, ढकलायची. ओढली की सांधे सुटतात. आणि घडी मधल्या सांध्यापासून घालायची, म्हणजे इलॅस्टिकवर दोन्हीकडे सारखा ताण येतो.

यंदा आम्ही एक नियम केलाय. तंबू परत आला की दोघींनी मिळून प्रत्येक सांध्यावरून नजर फिरवायची आणि वहीत दोघींनी सही करायची. त्यात फार तर पाव तास जातो. आपल्या भरवशावर कुणाचं तरी लेकरू त्या कापडाखाली झोपणार असतं, मैत्रिणींनो.