रक्ताचा कर्करोग आणि रुग्णालयात होणारा बुरशीचा संसर्ग

ल्युकेमियाची केमोथेरपी सुरू झाली की पांढऱ्या पेशी झपाट्याने कमी होतात. त्यांपैकी न्यूट्रोफिल या पेशी बुरशीशी लढतात. रिपोर्टमध्ये त्यांची संख्या ५०० च्या खाली जाऊन दहा दिवसांहून अधिक काळ तशीच राहिली, तर बुरशीच्या संसर्गाचा धोका बराच वाढतो.

बुरशी येते कुठून?

अ‍ॅस्परजिलस या बुरशीचे सूक्ष्म बीजाणू हवेत सगळीकडे असतात. निरोगी माणसाला त्यांचा त्रास होत नाही. रुग्णालयात तोडफोड किंवा बांधकाम चालू असेल, तर धुळीबरोबर ते वाढतात आणि रुग्णाच्या फुप्फुसात रुजू शकतात. कॅन्डिडा मात्र आपल्याच तोंडात, आतड्यात आणि त्वचेवर असते. केमोमुळे आतड्याच्या अस्तराला इजा झाली की तिथून, किंवा सेंट्रल लाइनमधून, ती रक्तात शिरते.

लक्षणे कोणती?

- अँटिबायोटिक चालू असूनही न उतरणारा ताप
- कोरडा खोकला, छातीत दुखणे, थुंकीतून रक्त
- नाक चोंदणे, चेहऱ्यावर सूज किंवा दुखणे

निदान आणि उपचार

छातीचा सीटी स्कॅन, रक्ताची गॅलॅक्टोमॅनन तपासणी आणि ब्लड कल्चर यांची मदत होते. संसर्गानुसार व्होरिकोनॅझोल, अ‍ॅम्फोटेरिसिन बी किंवा कॅस्पोफंजिन देतात. फुप्फुसातील अ‍ॅस्परजिलससाठी औषध किमान ६ ते १२ आठवडे घ्यावे लागते. बरे वाटले म्हणून मध्येच बंद करू नका. व्होरिकोनॅझोलसारख्या गोळ्यांचा केमोच्या काही औषधांवर परिणाम होतो, म्हणून चालू असलेली सर्व औषधे डॉक्टरांना सांगा.

नातेवाइकांनी काय करावे?

- रुग्णाजवळ जाण्यापूर्वी हात धुवा. सर्दी-खोकला असल्यास भेटायला जाऊ नका.
- फुलांचे गुच्छ, प्रसादाची फुले, कुंड्या खोलीत नेऊ नका.
- रुग्णाला तपासणीसाठी बाहेर नेताना एन-९५ मास्क लावा. बांधकामाजवळून नेऊ नये, अशी विनंती करा.
- सेंट्रल लाइनच्या जागी लाली, दुखणे किंवा पू दिसल्यास लगेच नर्सना सांगा.

अ‍ॅस्परजिलस रुग्णाकडून तुम्हाला लागत नाही. त्या भीतीने दूर राहू नका.

सर्वांत महत्त्वाचे: घरी आल्यावर ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त झाला, तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नका. रात्र असली तरी लगेच रुग्णालय गाठा. स्टेरॉइड चालू असल्यास ताप न येताही संसर्ग असू शकतो. त्यामुळे रुग्ण मलूल वाटला किंवा दम लागला, तरी थांबू नका.