कांद्याची माळ आणि साखरेचे पोते



गेल्या सर्वसाधारण सभेत एका विषयावर बराच गलका झाला, हे आपणांस आठवत असेल. कारखान्याची साखर एक किलो व पाच किलोच्या पिशव्यांतून स्वतःच्या नावाने विकावी आणि तिची माहिती घरोघरी जावी म्हणून छोट्या चित्रफिती काढाव्यात, अशी सूचना आली होती. त्यासाठी उसाच्या बिलातून टनामागे थोडे पैसे कापावेत, असा विषय निघाला आणि मागच्या रांगेतून आवाज आला, "बिलाचा हप्ता थकलाय, अन् तुम्ही सिनेमा कसला काढताय?" सभा हसली. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. ठराव पुढच्या सभेपर्यंत राखून ठेवला गेला आणि माहिती गोळा करून अंकात मांडण्याचे काम आमच्याकडे आले. ते आज करीत आहोत.

आधी आपली अडचण पाहू. आपली साखर कारखान्याच्या दारातून पोत्याने जाते. निविदा निघते, व्यापारी भाव भरतात, ५० किलोचे पोते गाडीत चढते. कारखान्याचे नाव त्या पोत्यावर छापलेले असते खरे, पण दुकानात पोते फुटले की नाव संपले. गिऱ्हाईक म्हणते, "दोन किलो साखर द्या." कोणाची, हे कोणी विचारीत नाही. एस-३० आणि एम-३० हा दाण्याचा फरक व्यापाऱ्याला कळतो. स्वयंपाकघरात साखर ती साखर. ज्या मालाला चेहरा नाही त्याला भाव मागता येत नाही, बाजार देईल तो घ्यावा लागतो. केंद्र सरकारने जून २०१८ मध्ये साखरेची किमान विक्री किंमत किलोला २९ रुपये ठरविली आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये ती ३१ रुपये केली. उसाचा रास्त आणि किफायतशीर दर मात्र २०१८-१९ च्या हंगामात १० टक्के उताऱ्याला क्विंटलला २७५ रुपये होता, तो २०२४-२५ मध्ये १०.२५ टक्के उताऱ्याला ३४० रुपये झाला. या ओढाताणीत आपल्या मालाला स्वतःचे नाव असावे असे वाटणे चूक नाही. आजकाल ज्याला 'ब्रँड' म्हणतात तो दुसरा काही नसून, नाव ऐकताच गिऱ्हाइकाच्या मनात येणारी खात्री होय. ही खात्री गोष्ट सांगून तयार होते का, हाच खरा प्रश्न.

याचे उत्तर शोधायला आम्ही साखरेच्या मुलखात न जाता समुद्राकाठी गेलो. मार्च महिन्यात काही सभासदांबरोबर रायगड किनाऱ्यावर जाणे झाले. वडखळहून अलिबागच्या रस्त्याला लागले की कडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या दिसतात. भात निघाले की त्याच शेतात हा कांदा लावतात. काढल्यावर पातीसकट वाळवतात आणि वाळलेल्या पातीची वेणी घालून माळ करतात. कार्ले, खंडाळे, नेहुली ही त्यासाठी प्रसिद्ध असलेली गावे. कांदा चवीला गोडसर, तिखटपणा कमी. कांद्याचा झणका गंधकाच्या संयुगांमुळे येतो, आणि या कांद्यात तो कमीच असतो.

एका माळवाल्या मावशींपाशी आम्ही थांबलो. "मावशी, कांदा इथलाच ना?" असे विचारले. त्या म्हणाल्या, "भाऊ, बसा जरा. माळ कशी होते ते बघा, मग तुम्हीच सांगा कुठला हाय तो." आणि बोलता बोलता त्यांनी हातातली माळ पुरी केली. मग मोबाइल पुढे केला. मुलाने त्यांची माळ विणतानाची दोन-तीन मिनिटांची चित्रफीत काढलेली होती. तिच्यात ना गाणे, ना निवेदन. नुसते हात, वाळलेली पात, आणि मधूनच मावशींचे बोलणे: पात ओली राहिली तर माळ कुजते, फार वाळली तर तुटते. "मुंबईची माणसं हे बघून येतात. गाडी थांबवून विचारतात, माळ विणणाऱ्या मावशी तुम्हीच का?"

आम्ही दोन माळा घेतल्या. भाव केला नाही. गाडीत बसल्यावर आमच्यातल्याच एकाने विचारले, "आपण भाव का नाही हो केला?" उत्तर सोपे होते. समोर होते ते काम आम्ही डोळ्यांनी पाहिले होते. मेहनत दिसली की भाव करायला जीभ रेटत नाही. गोष्टीचे सारे बळ एवढ्यात आले.

पण गोष्टीची दुसरी बाजूही त्याच रस्त्यावर आहे. पांढरा कांदा काही फक्त अलिबागेत पिकत नाही. नाव मोठे झाले की बाहेरचा कांदा आणून, तशीच माळ घालून, त्याच नावाने विकण्याचा मोह होतो, आणि अशा तक्रारी वर्तमानपत्रांतून येत असतात. म्हणजे गोष्ट सांगितली शेतकऱ्याने आणि गल्ला भरला दुसऱ्याने! यावर उपाय म्हणून कृषी विभाग आणि कोकण कृषी विद्यापीठ यांच्यातर्फे जानेवारी २०१९ मध्ये भौगोलिक मानांकनासाठी अर्ज झाला, आणि २०२१ च्या सप्टेंबरअखेर मानांकन देण्याचा निर्णय झाला. १८८३ सालच्या सरकारी गॅझेटिअरमध्ये या कांद्याचा उल्लेख असल्याचा दाखला त्या वेळी उपयोगी पडला. तेव्हाचा कुलाबा जिल्हा म्हणजेच आजचा रायगड. १ जानेवारी १९८१ रोजी नाव बदलले.

हे मानांकन ज्या कायद्याखाली मिळते तो १९९९ चा असून सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. त्यात नाव एका माणसाच्या मालकीचे नसते, त्या भागातल्या उत्पादकांचे असते. नोंदणी दहा वर्षांची, पुढे वाढविता येते. शेतकऱ्याने अधिकृत वापरकर्ता म्हणून आपले नाव मात्र नोंदवायला हवे. तात्पर्य, गोष्ट गिऱ्हाइकाला दारापर्यंत आणते. दारात खरा माल आणि खुणेची खात्री नसेल तर ते शेजारच्या दारात जाते.

कोणी म्हणेल, हे एका माळेचे झाले. हजारो सभासदांच्या संस्थेचे काय? त्याचाही दाखला आहे आणि तो सहकारातलाच आहे. १९७६ साली श्याम बेनेगल यांचा 'मंथन' हा हिंदी चित्रपट आला. गुजरातच्या दूध संघांच्या सुमारे ५ लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये दिले आणि त्या १० लाखांत तो उभा राहिला. पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची, छायाचित्रण गोविंद निहलानींचे, आणि त्यातली बिंदू आपल्या स्मिता पाटील यांनी रंगविली. कथेत डॉ. व्हर्गीस कुरियन यांचाही हात होता.

या चित्रपटात लोण्याची जाहिरात नाही. गावात एक डॉक्टर येतो, सोसायटी काढू पाहतो. खासगी डेअरीवाला आडवा येतो, गावचा पुढारी आडवा येतो, जातीचे भांडण निघते. शेवटी डॉक्टरला गाव सोडावे लागते, पण सोसायटी गावकरीच पुढे चालवतात. भांडणे लपविली नाहीत, म्हणून गोष्ट खरी वाटली. तो लागला तेव्हा शेतकरी गाड्या भरभरून आपला सिनेमा पाहायला गेले, कारण दोन रुपये त्यांचे होते! पुढे तो गावोगाव दाखविला गेला आणि नव्या सोसायट्या काढण्याच्या कामी आला. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०२४ मध्ये जुनी प्रत दुरुस्त करून तो फ्रान्समधल्या कान महोत्सवात दाखविला गेला. जवळजवळ पन्नास वर्षे टिकलेली अशी जाहिरात आम्हांस तरी दुसरी माहीत नाही. मात्र एक लक्षात ठेवावे. सिनेमा निघाला तेव्हा दुधाचे पैसे वेळेवर देण्याची रीत तिथे बसलेली होती. आधी पैसे, मग पडदा.

आता स्वतःच्या घरात डोकावू. आपणही मागे एक चित्रफीत काढली होती. दोष कोणाला द्यायचा? तिची आखणी आम्हीच केली होती. पहिली चार मिनिटे हारतुरे. मग दीपप्रज्वलन. मग मनोगत. मग धुराड्याचे दृश्य आणि जोरदार संगीत. साखर आली ती शेवटच्या अर्ध्या मिनिटात. पाहिली कोणी? ज्यांचे सत्कार झाले त्यांनी, आणि त्यांच्या पाहुण्यांनी. माळवाल्या मावशींच्या मुलाला जे कळले ते आम्हां शिकलेल्यांना कळले नाही, हे कबूल केले पाहिजे.

मग गोष्ट सांगायची तरी कशी? पाहिले-ऐकले त्यावरून चार गोष्टी मांडतो.

१. एका फितीत एक माणूस, एक काम, एक अडचण. 'कारखान्याची प्रगती' ही गोष्ट नव्हे, तो अहवाल झाला. पॅनवरचा कामगार पॅनमधला नमुना काचेवर घेऊन दाणा कसा बघतो, आणि तो क्षण चुकला तर काय होते, ही गोष्ट. पहाटे थंडीत मोळ्या बांधणारी ऊसतोड जोडी, ही गोष्ट. दोन-तीन मिनिटांत संपेल एवढीच ठेवावी.

२. सुरुवात गिऱ्हाइकाच्या प्रश्नाने करावी. घरची बाई विचारते, "साखर एवढी पांढरीशुभ्र कशी होते हो?" तर सांगावे की रसाला चुना देतात, गंधकाचा धूर देतात, त्याने गाळ खाली बसतो आणि रंग उतरतो, आणि नंतर दाणा धुऊन वाळवतात. लपवू नये. आपण नाही सांगितले तर दुसरा कोणीतरी तिखटमीठ लावून सांगेल.

३. नेम धरावा. एक मोठी फीत काढून वर्षभर गप्प बसण्यापेक्षा पंधरवड्याला एक छोटी बरी. पारावरचा कीर्तनकार ठरल्या तिथीला येतो म्हणूनच माणसे जमतात. लोकांनी विचारलेल्या प्रश्नाला पुढच्या फितीत उत्तर द्यावे. मग पाहणारा आपला होतो. आणि भाषा आपली बोलीच असू द्यावी.

४. शेवटी माल कुठे मिळेल ते सांगावे. गोष्ट आवडली, पण पिशवी मिळाली नाही, तर सारा खटाटोप फुकट. पिशवीवर हंगाम आणि वजन ठळक छापावे, आणि वजन भरावे तेवढेच निघावे.

या चौथ्या कलमाशी आम्ही थोडे थांबतो, कारण मागच्या रांगेतल्या त्या सभासदाचे म्हणणे इथेच येऊन मिळते. वजनकाट्याची फीत काढायची म्हटली, तर ती पहिल्यांदा कोण पाहणार? गिऱ्हाईक नव्हे, सभासदच पाहणार. त्याचा काट्यावर विश्वास नसेल, त्याचा हप्ता थकलेला असेल, तर तो पाहुण्यांदेखत हसेल, आणि त्याच्या हसण्यापुढे कुठलीही चित्रफीत टिकणार नाही. जी गोष्ट सभासदाला खरी वाटत नाही ती बाजारात सांगू नये. गावोगाव पसरलेले सभासद हेच आपले पहिले श्रोते आणि तेच पहिले सांगणारे. त्यांच्या घरात, त्यांच्या लेकीसुनांच्या माहेरी-सासरी पिशवी गेली, तर तेवढेच गिऱ्हाईक सुरुवातीला पुरे.

हेही स्पष्ट सांगतो की चित्रफितींनी थकबाकी फिटणार नाही. पिशव्यांतून जाणारी साखर एकूण पोत्यांच्या मानाने थोडीच राहील. भरणीचा, छपाईचा, वाहतुकीचा खर्च वाढेल. आणि पांढऱ्या साखरेला चेहरा देणे हे कांद्याला चेहरा देण्याहून अवघड आहे, कारण कांद्याची माळ डोळ्यांना दिसते, साखरेचा दाणा सगळीकडे सारखाच दिसतो. म्हणून साखरेच्या दाण्याची नव्हे, तर तो करणाऱ्या हातांची गोष्ट सांगावी लागेल.

यावरून आमची नम्र सूचना अशी. या हंगामात बिलातून एक पैसाही कापू नये. सभासदांच्या शिकल्या-सवरल्या मुलामुलींनी आपल्याच मोबाइलवर सहा छोट्या फिती काढाव्यात. पिशव्या फक्त कारखान्याच्या भांडारात व तालुक्याच्या बसस्टँडजवळच्या दुकानात ठेवाव्यात. किती गेल्या, दुसऱ्यांदा मागायला कितीजण आले, याचा हिशेब याच अंकात छापू, कमी भरला तरी छापू. आणि थकलेला हप्ता आधी द्यावा, ही विनंती संचालक मंडळाला आम्ही सभासद म्हणूनच करीत आहोत. मग पुढच्या सभेत दोन रुपयांचा विषय काढायला आपणां कोणालाच संकोच वाटणार नाही.

आपल्या फडावरची, गाडीवानाची, काट्यावरची, पॅनवरची एखादी गोष्ट आपणांस ठाऊक असेल तर गट कार्यालयात लिहून द्यावी. लिहिता येत नसेल तर येऊन सांगावी, आम्ही लिहून घेऊ. अलिबागची माळ अजून आमच्या कचेरीत खुंटीला टांगलेली आहे; येणारा प्रत्येकजण "ही कुठली?" म्हणून विचारतो, आणि आम्ही मावशींची गोष्ट सांगतो. आपल्या पिशवीबद्दल असे कोणीतरी कुठेतरी विचारावे, एवढीच इच्छा आहे.


संपादक मंडळ