पैसे भरण्याआधी तो कागद घेऊन या



गेल्या जून महिन्यात अक्कलकुवा तालुक्यातील डोंगरातल्या एका पाड्यावरून एक वडील आपल्या मुलाला घेऊन आमच्या कार्यालयात आले. मुलगा नुकताच बारावी झाला होता. वडिलांनी पिशवीतून एक रंगीत पत्रक काढून माझ्यासमोर ठेवले. दूरच्या शहरातल्या एका खासगी संस्थेचे ते पत्रक होते. ‘गेम डिझाइनची डिग्री, नोकरीची शंभर टक्के हमी’ असे त्यावर मोठ्या अक्षरात छापले होते. तीन वर्षांची फी चार लाखांच्या वर होती आणि पहिला हप्ता ६०,००० रुपये महिनाअखेर भरायचा होता.

हे कुटुंब दरवर्षी ऊसतोडीला गुजरातमध्ये जाते. या वर्षी मुकादमाकडून जास्त उचल घ्यायची आणि हप्ता भरायचा, असे घरात ठरले होते. उचल म्हणजे काय हे आपल्या जिल्ह्यात कोणाला सांगायला नको. हंगामात ती फिटली नाही तर पुढच्या वर्षावर जाते. जास्त उचल घेतली तर जास्त हात लागतात, म्हणून आश्रमशाळेत आठवीला असलेल्या मुलीलाही सोबत न्यायचे ठरत होते.

वडिलांनी मला एवढेच विचारले, “ताई, या कागदावर पोराला नोकरी मिळते का?”

अलीकडे हा प्रश्न अनेक घरांतून येतो. कधी तो मोबाईलवर केलेल्या ऑनलाइन सर्टिफिकेटबद्दल असतो, कधी ॲनिमेशन किंवा गेम डिझाइनच्या कोर्सबद्दल. म्हणून त्याचे उत्तर इथे सविस्तर लिहीत आहे.

कागदाचे वजन कशावर ठरते?

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा माणूस आधी दात बघतो आणि मग चाल बघतो. दातांवरून वयाचा अंदाज येतो. घोडा चालतो कसा, हे मात्र चालवूनच कळते. नोकरी देणाराही तसाच असतो. समोरच्या मुलाला काम येते की नाही हे त्याला आधी माहीत नसते, म्हणून तो खूण शोधतो. मायकेल स्पेन्स या अर्थशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये हीच गोष्ट मांडली आणि २००१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालेल्या तिघांत तो होता. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की जी खूण मिळवायला कष्ट पडतात आणि जी कोणालाही सहज मिळत नाही, तिलाच मालक किंमत देतो. सगळ्यांकडे असलेली खूण काहीच सांगत नाही.

दुसरी गोष्ट ओळखीची. माझ्याकडे ईश्वरविज्ञानाची पदविका आहे. त्यासाठी मी वसतिगृहात राहून अभ्यास केला, परीक्षा दिल्या. मिशनच्या कामात या पदविकेला मान आहे, कारण इथल्या लोकांना ते शिक्षक आणि तो अभ्यास माहीत आहे. पण एकदा एका कार्यालयात ती दाखवली तेव्हा “ही आमच्या यादीत नाही” म्हणून परत दिली. शिक्षण तेच होते, कागदही तोच होता. समोरचा माणूस बदलला आणि किंमत बदलली.

ऑनलाइन सर्टिफिकेट

इथे माझी एक चूक सांगते. २०२० च्या टाळेबंदीत आमच्या ओळखीच्या मुलामुलींना मी मोफत ऑनलाइन कोर्स करायला बसवले. काहींनी दहा-दहा सर्टिफिकेट मिळवली. आम्ही ती रंगीत छापून लॅमिनेट केली. पुढे सुरतला एका ठिकाणी मुलाखती होत्या. तिथल्या साहेबांनी फाईल चाळली, बाजूला ठेवली आणि संगणक पुढे केला. “पगाराचा तक्ता करून दाखवा.” बहुतेकांना तो जमला नाही. ज्या मुलीला जमला तिच्याकडे फक्त एमएस-सीआयटी होते, पण ती वर्षभर आमच्या धान्यवाटपाचा हिशोब एक्सेलमध्ये ठेवत होती. नोकरी तिला मिळाली. मी मुलांकडून कागद गोळा करून घेतले होते, काम करून घेतले नव्हते.

म्हणजे ऑनलाइन शिक्षण वाईट असे नाही. जगातील नामांकित विद्यापीठांचे धडे मोलगीच्या मुलाला रेंज असेल तेव्हा ऐकता येतात, ही मोठी गोष्ट आहे. पण असे कोर्स सुरू करणारे पुष्कळ आणि संपवणारे थोडे असतात. हार्वर्ड आणि एमआयटी यांच्या ऑनलाइन कोर्सच्या २०१७-१८ च्या नोंदी तपासल्या तेव्हा नाव नोंदवणाऱ्या शंभरांपैकी साधारण तिघांनीच कोर्स पूर्ण केल्याचे दिसले. त्यामुळे कोर्स पूर्ण करणे ही चिकाटीची खूण आहेच. अडचण परीक्षेची आहे. घरी बसून, उत्तरे पुन्हा पुन्हा देऊन मिळालेला कागद कोणी मिळवला हे मालकाला कळत नाही.

म्हणून फरक ओळखावा. आयआयटी आणि आयआयएससी यांच्या एनपीटीईएल उपक्रमाचे धडे मोफत आहेत, पण प्रमाणपत्रासाठी साधारण १,००० रुपये भरून, केंद्रावर जाऊन, ओळखपत्र दाखवून परीक्षा द्यावी लागते. अशा कागदाला वजन येते. केंद्र सरकारने २०१७ मध्ये सुरू केलेल्या स्वयम् या व्यासपीठावरील कोर्सचे श्रेयांक महाविद्यालय मान्य करत असेल तर पदवीतही धरता येतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक असे घेता येतात. आपल्या महाविद्यालयात ही सोय आहे का, हे प्राचार्यांना विचारावे.

“आता डिग्री लागत नाही” हे खरे का?

मोबाईलवर असे सांगणारे पुष्कळ भेटतात. काही मोठ्या कंपन्यांनी पदवीची अट काढल्याचे जाहीरही केले. पण २०२४ मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि बर्निंग ग्लास इन्स्टिट्यूट यांनी अमेरिकेतील प्रत्यक्ष भरती तपासली, तेव्हा अट काढल्याचा फायदा ७०० नव्या भरतींमागे एकालाही झालेला नव्हता. घोषणा झाली तरी निवडणाऱ्याची सवय बदलली नाही. आपल्याकडे सरकारी नोकरीत तर पदवी, टंकलेखन, एमएस-सीआयटी अशा अटी लेखी असतात. त्या नसतील तर अर्जच बाद होतो. पदवीने काम येते असे नाही, पण अनेक दारे तिच्याशिवाय उघडत नाहीत.

गेम डिझाइनची पदवी

आता त्या पत्रकाकडे येऊ. गेम तयार करणे हा खरा उद्योग आहे आणि महाराष्ट्रातही आहे. ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा खेळ नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या छोट्या गटाने केला. तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या खेळांच्या गटात त्याला नामांकन मिळाले. २०१७ मध्ये लोकवर्गणी जमली नव्हती, तरी त्यांनी काम सोडले नाही. त्यांचे नाव झाले ते पूर्ण केलेल्या खेळामुळे.

या धंद्यात तुम्ही काय केले आहे ते आधी बघतात. एका मोठ्या खेळामागे प्रोग्रामर, चित्रकार, ॲनिमेटर, ध्वनीचे काम करणारे आणि चुका शोधणारे टेस्टर असतात. निव्वळ ‘गेम डिझायनर’ म्हणून नवख्याला घेणाऱ्या जागा थोड्या. बहुतेक जण यांपैकी एका कामातून आत येतात. म्हणून ज्या अभ्यासक्रमात प्रोग्रामिंग किंवा चित्रकला यांपैकी एक तरी नीट शिकवत नाहीत, तिथून मुलगा बाहेर पडला तर त्याच्या हातात नाव असते, काम नसते.

चांगले अभ्यासक्रम आहेत. एनआयडीच्या बंगळुरू येथील शाखेत डिजिटल गेम डिझाइनचे पदव्युत्तर शिक्षण मिळते, त्यासाठी प्रवेश परीक्षा आहे. २०२५ मध्ये मुंबईत ॲनिमेशन, गेमिंग वगैरेंसाठी इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज सुरू झाली. पण प्रत्येक रंगीत पत्रक यांच्या तोडीचे नसते. १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्यानुसार पदवी देण्याचा अधिकार कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाला, अभिमत विद्यापीठाला किंवा संसदेने तसा अधिकार दिलेल्या संस्थेलाच आहे. एखादा क्लास किंवा कंपनी स्वतःच्या नावाने पदवी देऊ शकत नाही.

पैसे भरण्याआधी विचारायचे पाच प्रश्न

१. पदवीच्या कागदावर कोणत्या विद्यापीठाचे नाव असेल? ते लेखी घ्या आणि आयोगाच्या संकेतस्थळावर तपासा. पदवी ऑनलाइन असेल तर त्या अभ्यासक्रमाला आयोगाची मान्यता आहे का, तेही पाहा.

२. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्याला महाडीबीटीवर या कोर्ससाठी शिष्यवृत्ती मिळते का? कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर शासनमान्य अभ्यासक्रमाला भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. कोर्स त्या यादीत नसेल तर तिथेच थांबून विचार करा.

३. गेल्या वर्षी शिकून गेलेली मुले कुठे, कोणत्या कामावर आहेत? दोघा-तिघांशी स्वतः बोला. ‘शंभर टक्के हमी’ लेखी देतात का, तेही विचारा.

४. मध्येच सोडले तर फी परत मिळते का? हप्त्याच्या नावाखाली कर्जाच्या कागदावर सही घेत नाहीत ना?

५. कोर्स संपल्यावर मुलाच्या हातात दाखवण्यासारखे काय काम असेल?

आम्ही त्या संस्थेला फोन केला. पहिल्या प्रश्नाचे स्पष्ट उत्तर मिळाले नाही. दुसऱ्याचे उत्तर ‘नाही’ असे होते. तिसरा प्रश्न विचारल्यावर “आज भरले तर दहा हजार सूट” असे सांगितले गेले. वडील फोनजवळच बसले होते. त्यांनी पत्रक घडी करून पिशवीत ठेवले.

मग मुलाने काय करावे?

मुलाची आवड खरी होती, ती मोडायची नव्हती. शिष्यवृत्तीत बसणारी शासनमान्य पदवी किंवा आयटीआयमधील संगणकाचा ‘कोपा’ हा एक वर्षाचा कोर्स, हा पाया. त्यासोबत फुकट मिळणारी साधने. गोडो हे गेम तयार करण्याचे सॉफ्टवेअर आणि ब्लेंडर हे त्रिमितीय चित्रांचे सॉफ्टवेअर दोन्ही मोफत आहेत. गोडोवर साधा खेळ करायला महागडा संगणकही लागत नाही. धडे ऑनलाइन मिळतात. अट एकच, वर्षभरात एक छोटा खेळ पूर्ण करायचा. अर्धवट दहापेक्षा पुरा झालेला एक बरा.

या मुलाने जिल्ह्यातल्याच एका महाविद्यालयात बीसीएला प्रवेश घेतला आहे. जातवैधतेची फाईल आणि शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला आम्ही मदत केली. शनिवारी तो आमच्या जुन्या संगणकावर बसतो. त्याचा खेळ आमचूराचा आहे. कैऱ्या गोळा करायच्या, चिरायच्या, वाळत घालायच्या आणि वळवाचा पाऊस यायच्या आत उचलायच्या. अजून पाऊस नीट पडत नाही. ढग आला की सगळा खेळच थांबतो. का थांबतो, हे तो मागच्या तीन शनिवारांपासून शोधतो आहे. मला वाटते, उद्या कोणी मालकाने विचारले तर सांगण्यासारखी हीच गोष्ट आहे.

त्याला नोकरी मिळेल का, हे मी आज सांगू शकत नाही. आई-वडील दिवाळीनंतर ऊसतोडीला निघतील. उचल मात्र नेहमीइतकीच घेतली आहे आणि धाकटी मुलगी आश्रमशाळेतच राहणार आहे.

तुमच्या पाड्यावर असे पत्रक कोणाकडे आले असेल, किंवा फोनवर कोणी आजच पैसे भरा म्हणत असेल, तर सही करण्याआधी तो कागद घेऊन आमच्याकडे या. तपासायला एक दिवस लागतो आणि त्याचे आम्ही पैसे घेत नाही.